सहाशे रुपयांचा छापखाना

ग्रंथ लिहून पुरा झाला की ग्रंथकाराचे काम संपले, असा एक समज विद्वानांमध्ये फार जुना आहे. पोथीच्या काळी तो खराही होता. ग्रंथकाराने ग्रंथ रचावा, एखाद्या शिष्याने त्याची नक्कल करावी, त्या नकलेवरून आणखी कोणी नक्कल उतरून घ्यावी, आणि असे होत होत ग्रंथाने आपल्या गुणांवर देश फिरावा. मुद्रणकला आली आणि हा क्रम पालटला. ग्रंथाच्या एकदम हजार प्रती निघू लागल्या. म्हणजे हजार प्रतींचा कागद, खिळ्यांची जुळणी, छपाई आणि बांधणी यांचा पैसा कोणीतरी आधी घालणे आले आणि हजार वाचक मागाहून शोधणे आले. हा पैसा कोणी घालावयाचा आणि हे वाचक कोणी शोधावयाचे?

एकोणिसाव्या शतकातील भारतीय ग्रंथकारापुढे या प्रश्नाची तीन उत्तरे होती. सरकारकडे जावे, एखाद्या धनिकाकडे जावे, किंवा हे ओझे स्वतःच उचलावे. सरकारचा आश्रय घेतला तर सरकारला रुचेल तेच छापून निघे. धनिकाचा आश्रय घेतला तर ग्रंथाच्या आरंभी त्याची स्तुती आणि अंती त्याची मर्जी सांभाळावी लागे. तिसरा मार्ग स्वातंत्र्याचा होता; पण त्या वाटेवर सरस्वतीच्या उपासकाला रोकड आणि खतावणी यांच्याशीही परिचय करून घ्यावा लागे, आणि पुष्कळांचा पाय तेथेच घसरे. या वाटेने जाऊन यशस्वी झालेल्या आणि त्या यशाची किंमतही मोजलेल्या एका पंडिताची कथा आपले पुस्तक आपणच छापू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी अशी आहे. तो पंडित म्हणजे ईश्वरचंद्र विद्यासागर.

विद्यासागर हे समाजसुधारक म्हणून, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते म्हणून आणि बंगाली गद्याचे शिल्पकार म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. ते छापखान्याचे मालक आणि पुस्तकांचे व्यापारी होते, ही गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. वास्तविक त्यांच्या इतर पुष्कळ कर्तृत्वाचा पाया याच व्यवसायात होता.

१८४७ साल. मेदिनीपूर जिल्ह्यातील वीरसिंह गावच्या एका गरीब ब्राह्मणाचा हा मुलगा त्या वेळी सत्तावीस वर्षांचाही झालेला नव्हता. कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजात ते सहायक चिटणीस होते आणि दरमहा पन्नास रुपये मिळवीत होते. अभ्यासक्रम सुधारण्याविषयी त्यांनी केलेल्या सूचना वरिष्ठांस रुचल्या नाहीत आणि त्यांनी राजीनामा दिला. आता हा माणूस खाणार काय, असे विचारले गेले तेव्हा बटाटे आणि परवर विकीन, असे उत्तर त्यांनी धाडले, अशी आख्यायिका आहे. ती शब्दशः खरी असो वा नसो, तिच्यातील मर्म खरे आहे. विकण्याचे काम हलके आहे असे या पंडिताला कधीच वाटले नाही. आणि त्याच वर्षी त्यांनी विक्रीचा एक धंदा सुरूही केला. मात्र त्यात विकावयाचा माल भाजीचा नव्हता.

संस्कृत कॉलेजातील त्यांचे स्नेही मदनमोहन तर्कालंकार यांच्या भागीदारीत त्यांनी ‘संस्कृत यंत्र’ नावाचा छापखाना काढण्याचे ठरविले. एक लाकडी मुद्रणयंत्र सहाशे रुपयांस मिळत होते. दोघांजवळही तेवढी रक्कम नव्हती. विद्यासागरांनी नीलमाधव मुखोपाध्याय या मित्राकडून ती उसनी घेतली. आता ती फेडावयाची कशी? छापखाना काढणारा दुसरा एखादा उत्साही ग्रंथकार असता तर त्याने प्रथम स्वतःचा आवडता ग्रंथ छापला असता आणि मग गिऱ्हाइकाची वाट पाहत बसला असता. विद्यासागरांनी हा क्रम उलटा केला. त्यांनी प्रथम गिऱ्हाईक शोधले.

कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात विलायतेहून आलेल्या नवशिक्या अधिकाऱ्यांस देशी भाषा शिकवीत असत. विद्यासागरांनी तेथे चार वर्षांहून अधिक काळ पंडिताची नोकरी केली होती, आणि तेथील चिटणीस कॅप्टन मार्शल त्यांस मानीत असे. विद्यार्थ्यांना भारतचंद्र रायांचे ‘अन्नदामंगल’ हे काव्य वाचावे लागे. परंतु बाजारातील प्रती अशुद्ध आणि छपाईने गचाळ होत्या. शुद्ध प्रत छापून दिली तर शंभर प्रती कॉलेज घेईल, असे मार्शलकडून ठरवून घेण्यात आले. मग विद्यासागर कृष्णनगरच्या राजवाड्यातून मूळ पोथी मिळवून कामास लागले. दर प्रतीस सहा रुपये याप्रमाणे शंभर प्रतींचे सहाशे रुपये झाले. म्हणजे पहिले पुस्तक बाहेर पडताच यंत्राचे कर्ज फिटले, आणि उरलेल्या प्रती हा भांडवलाचा आरंभ ठरला.

या लहानशा व्यवहारात मोठे शहाणपण साठविलेले आहे. काव्य अठराव्या शतकातले, म्हणजे त्याची लोकप्रियता कसोटीस उतरलेली. याच काव्याची सचित्र आवृत्ती १८१६ साली गंगाकिशोर भट्टाचार्य या गृहस्थाने काढली होती. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांच्या छापखान्यात खिळे जुळविण्याचे काम शिकून पुढे स्वतः प्रकाशक झालेला हा बंगालमधील पहिला पुस्तकव्यावसायिक. तेव्हा वाचक आहेत हे पूर्वीच सिद्ध झाले होते. उणीव होती ती शुद्ध पाठाची. ती कोणाला जाणवते, तो किती प्रती घेईल आणि किती दाम देईल, हे यंत्र फिरण्यापूर्वी विद्यासागरांना ठाऊक होते. स्वतःचे पुस्तक स्वतः छापणाऱ्याची फसगत बहुधा येथेच होते. तो छपाईचा खर्च पैपर्यंत काढतो. वाचकांचा अंदाज मात्र मित्रांच्या प्रशंसेवरून बांधतो.

छापखाना हाती आल्यावर विद्यासागरांनी तो नोकरांवर सोपवून दिला नाही. बंगाली लिपीत जोडाक्षरांची गर्दी मोठी. शेकडो प्रकारचे खिळे जुळाऱ्याला निरनिराळ्या घरांतून उचलावे लागत. कोणते अक्षर वारंवार लागते आणि कोणते क्वचित, याचा विचार करून त्यांनी खिळ्यांच्या घरांची मांडणी नव्याने ठरवून दिली. जुळाऱ्याचा हात कमी फिरावा आणि चूकही कमी व्हावी हा तिचा हेतू. बंगालच्या छापखान्यांत ही मांडणी त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. व्याकरणाचा पंडित जुळाऱ्याच्या शेजारी उभा राहिला, त्याचे हे फळ. छापखाना आपला असण्याचा दुसराही एक लाभ त्यांनी घेतला. त्यांचे ‘वेतालपंचविंशति’ १८४७ सालीच निघाले. त्याच्या पुढील आवृत्त्यांत ते भाषा घाशीत राहिले, विरामचिन्हे घालीत राहिले. बंगाली गद्य वाचताना श्वास कोठे घ्यावा हे वाचकांना यातूनच कळू लागले. परक्या छापखान्यात प्रत्येक दुरुस्तीचे दाम पडते. ज्याचे खिळे त्याला सुधारणेचा आळस करण्यास सबब उरत नाही.

परंतु छापणे हे अर्धेच काम. त्या काळी कलकत्त्यात बंगाली पुस्तकांचे खरे दुकान असे नव्हतेच. बटतला भागातील छापखान्यांतून पंचांगे, पुराणकथा आणि शृंगारिक पुस्तके निघत आणि फेरीवाले ती डोक्यावर घेऊन गल्लोगल्ली विकीत. शाळेच्या पुस्तकाला किंवा गंभीर ग्रंथाला ही व्यवस्था उपयोगाची नव्हती. म्हणून विद्यासागरांनी छापखान्याला जोडून एक पुस्तकभांडार उघडले. त्यात स्वतःची पुस्तके तर ठेवलीच. पण इतर ग्रंथकारांचीही पुस्तके ठरावीक कमिशनवर विकावयास घेतली. पुस्तक कोठे मिळेल हे गिऱ्हाइकास ठाऊक झाले आणि विकलेल्या प्रतींचे पैसे कोठून मिळतील हे ग्रंथकारास ठाऊक झाले. एकाच ग्रंथकाराच्या चार पुस्तकांसाठी गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढत नाही. चाळीस पुस्तके असली म्हणजे चढते, आणि मग ती चारही त्याच्या नजरेस पडतात. दुसऱ्याच्या पुस्तकाला जागा दिल्याने आपले पुस्तक खपते, हे व्यापारातले तत्त्व या संस्कृत पंडिताने बरोबर ओळखले होते.

१८५५ साली या छापखान्यातून ‘वर्णपरिचय’ निघाले. मुलांना अक्षरओळख करून देणारे हे चिमुकले पुस्तक दोन भागांत आहे. त्या वेळी विद्यासागर संस्कृत कॉलेजचे प्रमुख असून दक्षिण बंगालच्या शाळांचे निरीक्षकही होते. शाळा तपासण्यास जाताना पालखीत बसल्या बसल्या त्यांनी हे पुस्तक लिहिले, असे चरित्रकार सांगतात. बंगालीत ज्यांचा उपयोगच नाही ते दीर्घ ऋकार आणि दीर्घ लृकार त्यांनी वर्णमालेतून गाळले, अनुस्वार आणि विसर्ग स्वरांतून काढून व्यंजनांत बसविले आणि सोप्या शब्दांकडून कठीण शब्दांकडे मुलास नेले. खेड्यांतल्या शाळा त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. शाळांत काय लागते हे त्यांस कोणी सांगावयास नको होते. त्यांच्या हयातीत या पुस्तकाच्या पहिल्या भागाच्या दीडशेवर आवृत्त्या निघाल्या. पाद्री जेम्स लाँग याने केलेल्या नोंदीप्रमाणे १८५७ या एका वर्षात कलकत्त्यातील शेहेचाळीस छापखान्यांतून विक्रीसाठी बंगाली पुस्तकांच्या पावणेसहा लाखांच्या आसपास प्रती निघाल्या, आणि त्यांतील ऐंशी हजारांहून अधिक एकट्या संस्कृत यंत्राच्या होत्या.

या पैशाचे पुढे काय झाले, हे पाहिले म्हणजे छापखान्याचा खरा अर्थ ध्यानात येतो. ज्या १८५५ साली ‘वर्णपरिचय’ निघाले त्याच वर्षाच्या आरंभी विधवांचा पुनर्विवाह शास्त्रसंमत आहे असे प्रतिपादन करणारी पुस्तिका विद्यासागरांनी प्रसिद्ध केली. ती कोणत्या धनिकाने छापून दिली असती? कलकत्त्यातील बडी घराणी बहुतेक विरुद्ध होती. सरकार धर्माच्या प्रश्नात हात घालण्यास कचरत होते. विद्यासागरांना कोणाकडेच जावे लागले नाही. पहिल्या दोन हजार प्रती आठवड्याच्या आत संपल्या, तीन हजार आणखी छापल्या, त्याही हातोहात गेल्या. जुळारी घरचे, यंत्र घरचे, भांडार घरचे. विरोधकांनी उत्तरे छापली तेव्हा प्रत्युत्तराची दुसरी पुस्तिकाही त्याच वर्षी सिद्ध झाली. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला. त्यामागे शास्त्राधार होता, अर्जांवरच्या सह्या होत्या; पण वादाच्या ऐन वेळी ज्याच्या घरी यंत्र सज्ज आहे असा ग्रंथकारही त्यामागे होता. बाळबोध पुस्तकाने धाडसी पुस्तकाचा भार उचलला, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

पुढे तीन वर्षांनी या स्वातंत्र्याची दुसरी कसोटी लागली. सरकार खर्च देईल या भरवशावर विद्यासागरांनी खेड्यापाड्यांत मुलींच्या पस्तीस शाळा काढल्या होत्या. सरकारने हात आखडला आणि शिक्षकांचे पगार थकले. शिक्षणखात्याच्या प्रमुखाशी त्यांचे इतरही मतभेद होते. १८५८ साली त्यांनी दरमहा पाचशे रुपयांची नोकरी सोडली. पहिल्या राजीनाम्याच्या वेळी बटाटे विकण्याची भाषा करावी लागली होती. या वेळी तसे काही बोलण्याची गरज पडली नाही. पुस्तकांचे उत्पन्न पाठीशी होते. त्या काळी एवढ्या वेतनाची सरकारी नोकरी तत्त्वासाठी सोडून केवळ लेखणीवर आणि छापखान्यावर संसार चालविणारा देशी विद्वान दुर्मिळच म्हणावा लागेल.

येथवरची कथा यशाची आहे. पण तिची दुसरी बाजूही आहे, आणि ती अधिक शिकविणारी आहे.

भागीदारी मैत्रीवर उभी होती. मदनमोहन तर्कालंकार १८५० साली सरकारी नोकरीनिमित्त मुर्शिदाबादेस गेले. दोघांचे मन पुढे दुरावले आणि मध्यस्थांकरवी भागीदारीचा हिशेब मिटवावा लागला. १८५८ साली तर्कालंकार वारले. त्यांनी मुलांसाठी लिहिलेली ‘शिशुशिक्षा’ ही पुस्तके संस्कृत यंत्रातूनच निघत असत. त्यांवर हक्क कोणाचा, हा वाद पुढे कित्येक वर्षांनी उकरला गेला आणि विद्यासागरांनी मित्राची मत्ता बळकावली असा आरोप तर्कालंकारांच्या जावयाने जाहीरपणे केला. आयुष्यभर दुसऱ्यांना देत आलेल्या या पुरुषाला १८८८ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, आपण चोर नाही हे सांगण्यासाठी एक पुस्तिका लिहून छापावी लागली. दोन तरुण मित्रांनी आरंभीच चार ओळींचा स्पष्ट करार लिहून ठेवला असता तर वृद्धापकाळचे हे दुःख टळते. मैत्री आहे म्हणून कागद नको, असे म्हणण्याचा प्रघात आपल्याकडे फार आहे. वास्तविक मैत्री टिकावी म्हणूनच कागद हवा असतो.

दुसरा दोष त्यांच्या औदार्यातून जन्मला. छापखान्याची थैली आणि दानाची थैली त्यांनी कधी वेगळी ठेवली नाही. विधवाविवाहांचा खर्च ते स्वतः करीत. वधूचे दागिने, वऱ्हाडाची व्यवस्था, पुढे जातीबाहेर पडलेल्या जोडप्यांचा निर्वाह, हे सर्व पुस्तकांच्या उत्पन्नातून चाले. मदतीची वचने देणारे वेळेवर मागे सरले आणि कर्ज वाढत गेले. १८६९ साली छापखान्याचे दोन तृतीयांश हिस्से त्यांना आठ हजार रुपयांस विकून टाकावे लागले. भांडाराच्या कारभारातही गोंधळ माजला होता. त्राग्याने एकदा ते बोलून गेले की, कोणी घेत असेल तर हे भांडार फुकट देऊन टाकीन. जवळ बसलेल्या व्रजनाथ मुखोपाध्यायांनी ते मागितले आणि त्यांनी खरोखरच दिले. मागाहून दुसरा एक गृहस्थ दहा हजार रुपये देऊ करीत आला असता, शब्द गेलेला आहे, असे सांगून त्यांनी त्यास परत पाठविले, अशी हकीकत चरित्रांत आहे. माणूस म्हणून ही गोष्ट फार मोठी आहे. परंतु ज्या यंत्राने त्यांना कोणापुढे मान लवविण्यापासून वाचविले, ते यंत्र हिशेबाच्या ढिलाईमुळे हातचे गेले, हेही तितकेच खरे.

याच कलकत्त्यात पुढल्या पिढीत या मार्गाचे आणखी एक उदाहरण घडले. प्रतापचंद्र राय या पुस्तकविक्रेत्याने महाभारताचे समग्र इंग्रजी भाषांतर छापण्याचा संकल्प केला आणि १८८३ पासून ते भागाभागांनी काढण्यास आरंभ केला. भाषांतरकार किशोरीमोहन गांगुली काम पुरे होईपर्यंत पडद्याआड राहिले. शंभर भागांचा हा ग्रंथ देशोदेशींच्या विद्वानांना मोठ्या संख्येने विनामूल्य वाटावयाचा, म्हणून त्याचा खर्च वर्गण्यांवर आणि देणग्यांवर उभा होता. थोडे छापावे, त्यावर पुढील मदत मिळवावी आणि पुन्हा छापावे, असा तेरा वर्षांचा प्रवास झाला. १८९५ साली प्रतापचंद्र वारले तेव्हा काम थोडे उरले होते. ते त्यांच्या पत्नी सुंदरीबाला यांनी दुसऱ्या वर्षी तडीस नेले. विद्यासागरांनी विक्रीवर भिस्त ठेवली, रायांनी दानावर. एकाच्या हाती स्वातंत्र्य आले. दुसऱ्याला प्रत्येक भागासाठी नवे दार ठोठावावे लागले. तरीही भागाभागांनी प्रकाशन करण्याच्या रायांच्या रीतीमुळेच एवढा अवाढव्य ग्रंथ पुरा होऊ शकला, हे विसरता येत नाही.

विद्यासागरांच्या विधवाविवाहावरील पुस्तकाचे पडसाद महाराष्ट्रातही उमटले. विष्णुशास्त्री पंडितांनी ते मराठीत आणले आणि पुनर्विवाहाच्या चळवळीला येथे शास्त्राधार मिळाला. कलकत्त्यातील एका खाजगी छापखान्याची शाई अशी पुण्यामुंबईपर्यंत पोचली. पण महाराष्ट्रातच याच्या उलट अनुभवही आला आहे. जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. ‘दीनबंधु’ पत्राने त्याची पहिली दोन प्रकरणे छापून पुढील भाग थांबविला, आणि जोतीरावांच्या हयातीत तो ग्रंथ समग्र असा बाहेर आला नाही. दीनबंधु हे तर स्वपक्षाचे पत्र होते. यंत्र दुसऱ्याच्या हाती असले म्हणजे स्नेह्याच्या दारातही ग्रंथकाराला थांबावे लागते, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

मुद्रणाची साधने आता पार बदलली आहेत. लाकडी यंत्र गेले, खिळ्यांची घरे गेली. हजारांऐवजी पन्नास प्रती छापून घेणेही शक्य झाले आहे. स्वतःचे पुस्तक स्वतः काढणे पूर्वीपेक्षा कितीतरी सोपे झाले, आणि म्हणूनच विचार न करता काढणेही सोपे झाले. सहाशे रुपयांच्या त्या छापखान्याने घालून दिलेले धडे मात्र जुने झालेले नाहीत. यंत्र सुरू होण्यापूर्वी निदान पहिल्या शंभर वाचकांची नावे ग्रंथकारास ठाऊक असावीत. मुद्रिते त्याने स्वतःच्या डोळ्यांनी वाचावीत आणि सुधारणेचा कंटाळा करू नये. पुस्तक छापण्यावर जेवढे लक्ष द्यावे तेवढेच ते कोठे आणि कसे मिळेल यावर द्यावे. सोबत्याशी करार लिखित असावा. पुस्तकाचा पैसा आणि घरचा पैसा यांच्या वह्या वेगळ्या असाव्यात, मग घरचा खर्च पुण्यकार्याचा का असेना.

विद्यासागर २९ जुलै १८९१ रोजी निवर्तले. छापखाना त्यापूर्वीच परहस्ते गेला होता, भांडार दान झाले होते. ‘वर्णपरिचय’ मात्र बंगालमधील मुलांच्या हातात पुढेही राहिले. नव्या आवृत्त्या निघत राहिल्या आणि त्या पुस्तकातील अक्षरांवरून बोट फिरवीत पिढ्यामागून पिढ्या वाचावयास शिकल्या.